वडिलांच्या कुलमुखत्यारपत्रावर फ्लॅट विकता येईल का? मुखत्याराचा अधिकार नेमका कुठे संपतो

प्रश्न थोडक्यात असा. वडील 79 वर्षांचे. 2019 साली त्यांनी थोरल्या मुलाला 500 रुपयांच्या मुद्रांकावर, नोटरीसमोर, जनरल कुलमुखत्यारपत्र लिहून दिले. गेल्या दीड वर्षात स्मृतिभ्रंश झपाट्याने वाढला आणि आता ते घरच्या माणसांनाही ओळखत नाहीत. कोथरूडचा फ्लॅट एकट्या वडिलांच्या नावावर आहे. औषधपाणी आणि चोवीस तासांच्या मदतनिसाचा खर्च भागवायला तो विकायचा आहे. धाकटा भाऊ कॅनडात असतो, त्याची हरकत नाही. गिऱ्हाईक तयार आहे. मध्यस्थ म्हणतो, "पॉवर आहे ना? मग घोषणापत्रावर सही करा, दस्त होऊन जाईल." तर करावे का?

करू नका. तुमचा हेतू स्वच्छ आहे आणि पैसा वडिलांसाठीच लागणार आहे, हे मान्य. तरीही तुमच्या हातातले ते कागद आज खरेदीखताला चालत नाहीत. ते का चालत नाहीत आणि त्याऐवजी कोणता रस्ता आहे, हे दोन्ही सांगतो.

कुलमुखत्यारपत्र (बोलीत "पॉवर") म्हणजे एजन्सी, दुसऱ्याच्या वतीने काम करण्याचा अधिकार. 1882 चा मुखत्यारपत्र अधिनियम अगदी छोटा आहे. मुखत्याराने स्वतःच्या नावाने सही करून केलेले काम मालकाने (म्हणजे पत्र लिहून देणाऱ्याने) केल्यासारखे धरावे, असे काही नियम त्यात आहेत. अधिकार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे ठरते भारतीय करार अधिनियम 1872 च्या एजन्सीच्या प्रकरणावरून. त्यातले कलम 201 सांगते की मालकाने अधिकार काढून घेतला, मुखत्याराने काम सोडले, काम पूर्ण झाले, दोघांपैकी कोणी मरण पावले किंवा कोणाचे मन विकल झाले, किंवा मालक नादार (दिवाळखोर) ठरला, की एजन्सी संपते. मृत्यूने पॉवर संपते हे बहुतेकांना ठाऊक असते. मन विकल झाल्यानेही संपते, हे फार थोड्यांना ठाऊक असते आणि घराघरांत घोळ होतो तो इथेच.

यामागचे तत्त्व साधे आहे. मुखत्यार मालकाच्या जागी उभा राहतो. जे मालक आज स्वतः करू शकत नाही, ते त्याच्या वतीने दुसऱ्याला करता येत नाही. इंग्लंड-अमेरिकेत मालकाची समज गेल्यानंतरही चालू राहील असे मुखत्यारपत्र करण्याची सोय तिथल्या कायद्यात आहे. परदेशात राहणारे नातेवाईक त्या अनुभवावरून "तसे कलम घालून घ्या" असा सल्ला देतात. आपल्याकडे तशी तरतूद नाही. दस्तात "माझी मानसिक स्थिती बिघडली तरी हे पत्र अमलात राहील" असे ठळक अक्षरांत लिहिले तरी कलम 201 पुढे ते टिकत नाही. म्हणजे घराला पॉवरची सर्वांत जास्त गरज पडते, नेमक्या त्याच दिवशी ती निकामी होते. आपल्या कायद्यातली ही मोठी उणीव आहे आणि घरात म्हातारे आईवडील असलेल्या प्रत्येकाने ती आधीच माहीत करून घ्यायला हवी.

यात एक बारकावा आहे. स्मृतिभ्रंशाचे निदान झाले म्हणून त्या तारखेला पॉवर संपली, असे होत नाही. करार अधिनियमाचे कलम 12 पाहते ते एवढेच, की त्या वेळी माणसाला व्यवहार कळत होता का आणि त्याचे बरेवाईट आपल्यावर काय होईल हे तो ठरवू शकत होता का. अधूनमधून समज येणारा माणूस समज असताना करार करू शकतो, असेही तेच कलम म्हणते. सुरुवातीच्या टप्प्यातला रुग्ण, पक्षाघाताने हात लुळा पडलेला पण डोके शाबूत असलेला माणूस, बोलता न येणारा पण खुणेने नेमके सांगणारा माणूस, हे सगळे सक्षमच आहेत. तुमचे वडील घरच्यांना ओळखत नाहीत, म्हणून तुमच्या बाबतीत हा दरवाजा बंद आहे. ज्यांच्या घरी अजून ती वेळ आलेली नाही त्यांच्यासाठी तो उघडा आहे. त्यांनी काय करावे ते पुढे लिहिले आहे.

आता ते घोषणापत्र. मुखत्यारामार्फत दस्त नोंदवताना दुय्यम निबंधकापुढे मुखत्याराकडून एका पानाचे घोषणापत्र घेतात. त्यातला मजकूर जवळपास ठरलेला असतो: लिहून देणाऱ्याने हे कुलमुखत्यारपत्र रद्द केलेले नाही, लिहून देणाऱ्यांपैकी कोणी मयत झालेले नाही, अन्य कोणत्याही कारणाने ते रद्दबातल ठरलेले नाही, ते पूर्णपणे वैध असून मी त्यानुसार कृती करण्यास सक्षम आहे, आणि हे कथन चुकीचे आढळल्यास नोंदणी अधिनियम 1908 चे कलम 82 अन्वये शिक्षेस मी पात्र राहीन. घाईत लोक "मयत नाही" एवढेच वाचतात आणि सही करतात. "अन्य कोणत्याही कारणाने रद्दबातल ठरलेले नाही" हे शब्द तुमच्या आड येतात. वडिलांची समज गेली आहे हे तुम्हाला माहीत आहे, डॉक्टरांच्या कागदांवर ते लिहिलेले आहे आणि तरी तुम्ही सही केली, तर ते जाणूनबुजून केलेले खोटे निवेदन होते. कलम 82 खाली शिक्षा 7 वर्षांपर्यंत आहे. मध्यस्थाची सही त्या कागदावर कुठेच नसते.

करार अधिनियमाचे कलम 208 म्हणते की एजन्सी संपल्याचा परिणाम एजंटाला ते कळल्यापासून आणि तिऱ्हाइताला ते कळल्यापासून होतो. त्यामुळे "गिऱ्हाइकाला वडिलांच्या आजाराबद्दल काही सांगितलेच नाही तर तो सुरक्षित" असा युक्तिवाद ऐकू येतो. पण फ्लॅट बघायला आलेल्या गिऱ्हाइकाने आतल्या खोलीत वडिलांना पाहिलेले असते आणि सोसायटीत सगळ्यांना ठाऊक असते. शिवाय तुम्हाला स्वतःला ते कळलेले आहे, हे कशानेच पुसले जात नाही. पुढे भावाभावांत बिनसले, किंवा भावाच्या पश्चात त्याच्या मुलांनी विचारले, तर हाच व्यवहार कोर्टात उभा राहतो आणि गिऱ्हाईक तुमच्याकडे पैसे मागते.

भावाची हरकत नसल्याचाही इथे उपयोग नाही. फ्लॅट वडिलांचा स्वकष्टार्जित असेल तर वडील हयात असेपर्यंत तुम्हा दोघांनाही त्यात मालकी हक्क नाही. आहे ती पुढे वारसा मिळण्याची निव्वळ शक्यता, आणि मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 6 नुसार ती हस्तांतरित करता येत नाही. ज्याचा हक्क नाही त्याची संमती मालकाच्या सहीची जागा घेत नाही. भावाचे शपथपत्र लागेल, पण ते दुसऱ्या कामासाठी.

समजा वडील आज पूर्ण शुद्धीत असते. तरी 2019 चा तो कागद पुरला असता का? बहुधा नाही, आणि याचा उपयोग इतरांना आहे म्हणून सविस्तर लिहितो.

नोटरी आणि नोंदणी यांतला फरक आधी समजून घ्या. नोटरीसमोर केलेल्या मुखत्यारपत्राला कायद्यात एक गृहीतक मिळते: त्या माणसाने खरोखर सही केली, असे न्यायालय मानून चालते. त्यापलीकडे काही नाही. दस्त नोंदणीला सादर करण्यासाठी मुखत्यारपत्र कसे हवे, हे नोंदणी अधिनियमाचे कलम 33 सांगते. लिहून देणारा भारतात राहत असेल, तर तो ज्या भागात राहतो तिथल्या निबंधकासमोर किंवा दुय्यम निबंधकासमोर ते लिहून, त्याच्याकडून अधिप्रमाणित केलेले हवे. इथे "राहतो" हा शब्द महत्त्वाचा आहे. फ्लॅट पुण्यात आणि आई साताऱ्यात राहत असेल, तर अधिप्रमाणन साताऱ्याच्या कार्यालयात व्हायला हवे. लोक मालमत्तेच्या कार्यालयात जातात आणि परत येतात. मुखत्याराने स्वतःच मालकाच्या वतीने खरेदीखतावर सही केली असेल तर तोच दस्त करून देणारा ठरतो, कलम 33 चे बंधन त्याला लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली म्हटले. पण तेवढ्याच्या भरवशावर व्यवहार उभा करू नये. गिऱ्हाइकाला कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील निव्वळ नोटरी केलेली पॉवर बघून फाइल बाजूला ठेवतो.

लिहून देणारा आजारी आहे, जिना उतरू शकत नाही, म्हणून नोटरीवर भागवले, हे कारण बरेच जण देतात. त्याची गरज नसते. शारीरिक दुर्बलतेमुळे कार्यालयात येऊ न शकणाऱ्याला कलम 33 मध्येच सूट आहे. निबंधक घरी येऊन किंवा कमिशन (त्या कामासाठी नेमलेला माणूस) पाठवून खात्री करून घेतो. खरेदीखतासाठीही कलम 31 आणि 38 खाली गृहभेट मिळते. अर्ज, वैद्यकीय दाखला आणि ठरलेले शुल्क भरले की काम होते. त्यामुळे मालक शुद्धीत असेल तर माझे मत स्पष्ट आहे: पॉवर करण्यापेक्षा गृहभेट घ्या आणि मालकाचीच सही, सही होत नसेल तर अंगठा, थेट खरेदीखतावर घ्या. जितके हात कमी, तितके वाद कमी.

मग मजकूर. न्यायालये मुखत्यारपत्र काटेकोर वाचतात. जे दिले आहे तेवढेच दिले आहे. गोव्यातल्या मडगावच्या टिंब्लो इर्मांव कंपनीच्या 1977 सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुखत्यारपत्र कसे वाचावे याची सूत्रे घालून दिली. दस्त संपूर्ण वाचायचा आणि सर्वसाधारण शब्द ज्या कामासाठी दिले त्या कामाच्या मर्यादेतच धरायचे, हे त्यांचे सार. 2022 साली केरळमधल्या दोन बहिणींचे प्रकरण आले. एकीने दुसरीला 1971 साली जनरल पॉवर दिली होती. त्यात भाडे वसूल करणे, व्यवस्था पाहणे, गहाण ठेवणे असे अधिकार होते, विक्रीचा शब्द नव्हता. दुसरीने जागा विकून टाकली. गहाण ठेवण्याच्या अधिकारात विक्रीचा अधिकार येत नाही, आणि खरेदीदाराने पॉवर वाचून घ्यायला हवी होती, असे म्हणून न्यायालयाने ती विक्री पहिल्या बहिणीवर बंधनकारक धरली नाही. पन्नास वर्षांपूर्वीचा एक शब्द नव्हता, म्हणून मधले सगळे व्यवहार कोसळले.

म्हणून विक्रीसाठी पॉवर लिहिताना प्रत्येक क्रिया वेगळी लिहावी. किंमत ठरवणे, साठेखत करणे, खरेदीखत लिहून देणे म्हणजे सही करणे, ते नोंदणीस सादर करणे, निबंधकापुढे कबुली देणे, मोबदला स्वीकारणे, पावती देणे, ताबा देणे, सोसायटीत शेअर सर्टिफिकेट हस्तांतराचे अर्ज करणे. पुष्कळ पॉवरमध्ये "दस्त नोंदणीस सादर करणे व कबुली देणे" एवढेच असते. तिला कबुलीजबाबाची पॉवर म्हणतात आणि ती तेवढ्यालाच चालते. दस्तावर मालकाची सही आधीच झालेली असावी लागते. मिळकतीचे वर्णनही पूर्ण हवे: सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर, इमारत, मजला, फ्लॅट क्रमांक, चटई क्षेत्र, पार्किंग. "माझ्या सर्व स्थावर-जंगम मिळकती" या शब्दांवर खरेदीखत करायला शहाणा गिऱ्हाईक तयार होत नाही.

शेवटी येणारे "आणि मी स्वतः करू शकलो असतो अशी सर्व कामे करणे" हे वाक्य जादूची कांडी नाही. त्याच्या आधारे बक्षीसपत्र करता येत नाही. विकण्याच्या अधिकारात फुकट देण्याचा अधिकार बसत नाही. मुखत्याराने मिळकत स्वतःच्या, बायकोच्या किंवा मुलाच्या नावावर घेणे तर आणखी धोक्याचे. करार अधिनियमाच्या कलम 215 नुसार मालकाला सगळी हकीकत सांगून त्याची संमती घेतलेली नसेल तर तो व्यवहार मालक झटकून टाकू शकतो. त्याच अधिनियमाच्या कलम 190 मुळे आपले अधिकार तिसऱ्याला सोपवणेही होत नाही, पॉवरमध्ये तशी स्पष्ट परवानगी असल्याशिवाय. कलम 213 आणि 218 खाली हिशेब देणे आणि वसूल रक्कम मालकाला पोचवणे बंधनकारक आहे. म्हणून मोबदल्याचे चेक नेहमी मालकाच्या नावाने, मालकाच्या खात्यात. मुखत्याराच्या खात्यात पैसे गेले की भावंडांतला अर्धा संशय तिथेच जन्मतो.

मुद्रांकाचे गणित अनेकांचे चुकते. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद 48 प्रमाणे स्थावर विकण्याचा अधिकार देणारे, मोबदला न घेतलेले मुखत्यारपत्र आई-वडील, भाऊ-बहीण, पती-पत्नी, मुले, नातवंडे अशा जवळच्या नातेवाइकाला दिले तर मुद्रांक 500 रुपये. मोबदला घेऊन दिले, किंवा मोबदला न घेता परक्या माणसाला दिले, तर खरेदीखताइतके शुल्क. शहरी भागात मूळ दर 5 टक्के धरला तरी 80 लाखांच्या फ्लॅटवर ते 4 लाख होते. मित्राला, हिशेबनिसाला, मध्यस्थाला 500 च्या कागदावर विक्रीची पॉवर देणारे इथे फसतात. अपुऱ्या मुद्रांकाचा दस्त पुराव्यात घेतला जात नाही, आणि तो भरायला गेले की लिहिल्याच्या तारखेपासून दरमहा 2 टक्के दंड चढलेला असतो. मेहुणा, चुलतभाऊ, पुतण्या यांना "जवळचे नातेवाईक" धरतील का, याबद्दल शंका असेल तर सही करण्यापूर्वी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे मुद्रांक किती लागेल ते ठरवून घेण्यासाठी, मसुदा द्यावा.

परदेशातून येणाऱ्या पॉवरचे वेगळे. तिथे भारतीय वकिलातीतल्या अधिकाऱ्यासमोर किंवा तिथल्या नोटरीसमोर सही करावी. नोटरीचा मार्ग घेतला तर ज्या देशांत अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून तिथले सरकार लावते तो दाखला) चालते तिथे ते लावून घ्यावे. कॅनडात ही सोय जानेवारी 2024 पासून आहे. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत मुद्रांक भरावा. पाकीट फेकू नका, पोचल्याची तारीख त्यावरूनच सिद्ध होते. आणि विक्रीच्या वेळी एक चूक जवळजवळ ठरलेली: सही करणारा मुखत्यार पुण्यातला, म्हणून खरेदीदार निवासी विक्रेत्याचा 1 टक्का टीडीएस (किमतीतूनच कापून भरायचा आयकर) कापतो. विक्रेता मालक आहे. तो अनिवासी असेल तर अनिवासीचा, बराच जास्त, टीडीएस लागतो आणि न कापल्याची जबाबदारी खरेदीदारावर येते. पॅनही मालकाचाच द्यायचा. मालकाच्या एनआरई खात्यावर (अनिवासी भारतीयाचे बँक खाते) पॉवर असली तरी मुखत्याराला त्यातून कोणाला भेट देता येत नाही, दुसऱ्या एनआरई खात्यात पैसे वळवता येत नाहीत, आणि परदेशात पाठवायचे तर फक्त खातेदारालाच.

"अपरिवर्तनीय" या शब्दाबद्दल लिहिणे भाग आहे, कारण गुंठेवारीचे प्लॉट, झोपडपट्टीतली घरे आणि मूळ मालकाचा पत्ता नसलेले फ्लॅट अजूनही साठेखत, पॉवर, ताबापावती आणि मृत्युपत्र अशा जुडीवर विकले जातात. 11 ऑक्टोबर 2011 रोजी सूरज लॅम्प कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा कागदांनी मालकी जात नाही. मालकी जाते ती नोंदणीकृत खरेदीखतानेच. (घरच्या माणसाला व्यवस्थेसाठी दिलेल्या खऱ्या पॉवरला या निकालाने धक्का लावलेला नाही, हेही त्यातच लिहिले आहे.) पॉवरवर "इर्रिव्होकेबल" छापल्याने ती तशी होत नाही. करार अधिनियमाच्या कलम 202 प्रमाणे मुखत्याराचा त्याच मिळकतीत स्वतःचा हितसंबंध हवा. कायद्यातलेच उदाहरण घ्या: अ ने ब ला जमीन विकायला आणि येणाऱ्या रकमेतून ब चे कर्ज फेडून घ्यायला सांगितले, इथे अ ला ती काढून घेता येत नाही आणि अ च्या मृत्यूने ती संपतही नाही. दलाली किंवा मेहनताना मिळणार, हा असा हितसंबंध नव्हे. फेब्रुवारी 2025 च्या एका निकालात बंगळूरचा भूखंड होता. 1986 साली अपरिवर्तनीय म्हणवलेली पॉवर आणि नोंद नसलेले साठेखत, 1997 साली मालकाचा मृत्यू, 1998 साली मुखत्याराने आपल्याच मुलाच्या नावे केलेले खरेदीखत. न्यायालयाने ते मानले नाही: हितसंबंध नव्हता, म्हणून मालकाबरोबर पॉवरही गेली.

काही गोष्टी कोणत्याच पॉवरने होत नाहीत, त्या पटकन सांगतो. दुसऱ्याचे मृत्युपत्र करता येत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेला सभासदाच्या वतीने मुखत्यार म्हणून बसता येत नाही, आदर्श उपविधीतच तसे आहे. कोर्टात मुखत्यार अर्ज करू शकतो, हजर राहू शकतो; वकिलासारखी बाजू मांडणे हा त्याचा हक्क नाही. मालकाला व्यक्तिशः माहीत असलेल्या गोष्टींची साक्षही तो मालकाऐवजी देऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 पासून पक्के केले आहे. त्याला स्वतः जे माहीत आहे तेवढेच तो सांगू शकतो. शेतजमिनीचा खरेदीदार शेतकरी हवा ही अट मुखत्यार शेतकरी असल्याने पूर्ण होत नाही, आणि नुसत्या पॉवरवर सातबाऱ्याला मालक म्हणून नावही लागत नाही.

आता तुमचा रस्ता. 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा रुग्णाच्या मालमत्तेसाठी जिल्हा न्यायालयाने व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. 2017 च्या नव्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमात ती राहिली नाही. त्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता असतो, फ्लॅटला त्याचा उपयोग नाही. 1999 चा राष्ट्रीय न्यास अधिनियम स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश त्यात बसत नाही. दिव्यांग हक्क अधिनियम 2016 च्या कलम 14 मध्ये मर्यादित पालकत्व आहे. पण ज्यांची समज पूर्ण गेली आहे किंवा जे कोमात आहेत अशांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली नातेवाइकांना पालक नेमलेले आहे, आणि फ्लॅट विकायचा असेल तर हाच मार्ग मला खात्रीचा वाटतो. पुण्याची याचिका मुंबईलाच होते. ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालेल्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जातात.

वकिलाकडे जाण्यापूर्वी फाइल बांधा. मेंदूविकारतज्ज्ञाचा ताजा अहवाल, त्यात "व्यवहार समजत नाही, निर्णय घेऊ शकत नाहीत" हे स्पष्ट शब्दांत हवे. जुने केस पेपर आणि स्कॅन. वडिलांच्या सर्व खात्यांची, ठेवींची, मिळकतींची आणि देण्यांची यादी. दरमहाच्या खर्चाचा तक्ता बिलांसह. आणि आई असल्यास आई, भाऊ, बहिणी अशा सर्व संभाव्य वारसांची संमतीची शपथपत्रे. भावाच्या शपथपत्राची जागा ही. न्यायालय सहसा सरकारी रुग्णालयाच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घेते. मागणीत "पालक नेमावे" एवढेच लिहून थांबू नका. बँक खाती चालवणे, ठेवी मोडणे आणि हा फ्लॅट विकून खरेदीखत लिहून देणे, असे वेगवेगळे अधिकार मागा, मूल्यांकन अहवाल जोडा. आदेशात विक्रीचा उल्लेख नसेल तर दुय्यम निबंधक पुन्हा तुम्हाला परत पाठवतो. विक्रीची रक्कम वडिलांच्याच नावे ठेवा आणि न्यायालयाने सांगितलेल्या मुदतीत हिशेब द्या.

तोपर्यंतचा खर्च? वडिलांबरोबर संयुक्त खाते "दोघांपैकी कोणीही" पद्धतीचे असेल तर ते दुसऱ्या खातेदाराच्या सहीने चालते. एकट्याचे खाते असेल तर, शुद्धीत असलेल्या पण सही करू न शकणाऱ्या खातेदारासाठी दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा अधिकारी, अंगठा किंवा खूण घेऊन पैसे देण्याची पद्धत बँकांत आहे. समज गेलेल्या माणसाच्या अंगठ्यासाठी ती वापरू नका. आणि जुन्या पॉवरवर बँकेतून पैसे काढत असाल तर ते आजच थांबवा. करार अधिनियमाचे कलम 209 मालकाचे हित जपण्यासाठी तातडीची पावले उचलायला सांगते. त्यात विमा चालू ठेवणे, गळती दुरुस्त करणे, कर भरणे बसते, फ्लॅट विकणे बसत नाही.

ज्यांचे आईवडील अजून शुद्धीत आहेत त्यांनी ही कामे याच महिन्यात करावीत: खाती संयुक्त करणे, सगळीकडे नामनिर्देशन, मृत्युपत्र, आणि विक्री खरोखर जवळ आली असेल तरच एका मिळकतीपुरते नोंदणीकृत विशेष मुखत्यारपत्र. ते करताना त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला घ्या; आठवड्यापूर्वीचा दाखला उलटतपासणीत टिकत नाही. मिळकत मोठी असेल तर शुद्धीत असताना केलेला खासगी विश्वस्त न्यास (ट्रस्ट) अधिक उपयोगी, कारण विश्वस्ताचे अधिकार देणाऱ्याची समज गेल्याने संपत नाहीत.

पॉवर दिली आणि पस्तावलो, असेही पुष्कळ विचारतात. नोंदणीकृत पॉवर रद्द करायची तर रद्दपत्रही त्याच कार्यालयात नोंदवावे. मुखत्याराला पोचपावतीसह नोटीस द्यावी. बँक, सोसायटी, भाडेकरू आणि दुय्यम निबंधक यांना लेखी कळवावे, दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस द्यावी, आणि मूळ प्रत आणि सर्व खऱ्या नकला परत मागाव्यात. हे सगळे एवढ्यासाठी, की तिऱ्हाइताला कळेपर्यंत त्याच्यापुरती पॉवर जिवंत राहते. मुखत्यारपत्रे सामान्यपणे निबंधक कार्यालयाच्या पुस्तक 4 या नोंदवहीत नोंदतात. त्याच्या नकला फक्त संबंधितांना मिळतात आणि इंडेक्स दोनच्या (मिळकतींच्या नोंदलेल्या दस्तांची सूची) शोधात रद्दपत्र दिसत नाही. म्हणून खरेदीदाराने मुखत्याराच्या शब्दावर न थांबता मूळ मालकाला फोन करून, शक्य असेल तर व्हिडिओवर, त्याच आठवड्यात बोलून घ्यावे.

तुमच्या गिऱ्हाइकाकडून टोकन घेतले असेल तर ते चेकने परत करा आणि कारण लेखी कळवा. थांबायला तो तयार असेल तर न्यायालयाचा आदेश आल्यावर नव्याने साठेखत करा. आज वडिलांच्या नावापुढे "करिता कुलमुखत्यार" म्हणून एकही सही करू नका, मग ती साध्या टोकन पावतीवर का असेना.